शेठच्या शिव्या

सुचिता ठाकूरला कुणी विचारलं, बाई कुठं नोकरीला, तर ती नुसतं 'द्रोणागिरीला' असं सांगून कधी थांबली नाही. गोटीराम घरत अँड सन्सचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो, असं ती सांगायची, आणि त्यातल्या 'सगळा'वर असा दाब द्यायची की समोरच्याने पुढचा प्रश्न गिळून टाकावा. खोटं काही नव्हतं त्यात. गोटीरामशेठ वारले, मुलगा कुंदन खुर्चीवर बसला, बंदरावरचे कंटेनर वाहणारे ट्रेलर वाढले, सरकारने घेतलेल्या भातशेतीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर पत्र्याचं अवाढव्य गोदाम उठलं, पण कंपनीच्या नावानं जे काही लिहून बाहेर पडायचं ते सुचिताच्याच हातचं. शिपिंग कंपन्यांना इंग्रजीत, सरकारी हापिसांना मराठीत, ट्रान्सपोर्टवाल्यांना हिंदीत. खाली सही तेवढी शेठची. वाशी-बेलापूरच्या काचेच्या ऑफिसांमध्ये कुंदन घरत म्हणजे फार तोलून-मापून बोलणारा, सभ्य गृहस्थ असा समज होता. तो प्रत्यक्ष भेटला की लोक बिचकायचेच.

कारण कुंदनशेठच्या तोंडाला कडी म्हणून नव्हती. माणूस दिलदार, पण एखाद्या कस्टमरचं आगाऊ पत्र आलं की केबिनमधून हाक यायची, "सुचे!" आणि सुचिता वही-पेन घेऊन आत. मग शेठ आपल्या आगरी बोलीत त्या कस्टमरचा उद्धार करायचा. त्याच्या बापाचा, त्याच्या मॅनेजरचा, त्याच्या गाडीच्या ड्रायव्हरचासुद्धा. टेबलावर मूठ आपटून सांगायचा, लिही, आताच्या आता पाठव. सुचिता मान खाली घालून लिहून घ्यायची, बाहेर यायची आणि ते पान कीबोर्डखाली सरकवून ठेवायची. पाठवायची नाही.

शेठ दुपारी जेवायला घरी जायचा. घर जवळच, गावात. बायकोच्या, म्हणजे पुतळावयनीच्या हातचं कालवण-भात खाऊन, ओटीवर जरा आडवा होऊन तो परतायचा तेव्हा पोट भरलेलं असायचं आणि डोकं निवलेलं. सुचिताच्या टेबलाशी थांबून, भलतीकडेच बघत विचारायचा, "गेलं का ग ते?"

"नाय शेठ, जरा टायपिंग राहिलंय."

"बरं. त्यातलं बापाचं जरा काढून टाक."

झालं. मग सुचिता त्या शिव्यांमधून एक असं पत्र काढायची की वाचणाऱ्याला राग कळावा, पण झोंबू नये. टायपिंग राहिलेलं नसतं हे शेठला ठाऊक होतं, आणि शेठला ठाऊक आहे हे सुचिताला. इतक्या वर्षांत दोघांनी यावर एक शब्द काढला नव्हता. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता म्हणूनच तो सुचिताचा एकटीचा होता. नवऱ्यालाही तिने कधी सांगितलं नाही. करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये भांडी घासताना एखादी खास शिवी आठवून ती एकटीच हसायची, आणि नवऱ्याने काय झालं विचारलं तर काही नाही म्हणायची.

आणि मग आली राजलक्ष्मी शेडगे.

खांदेश्वरहून स्कूटीवर यायची. बाप वाशीच्या मार्केटात माथाडी, मूळ गाव साताऱ्याकडे, पण पोरगी इथंच वाढलेली, कॉलेज करून आलेली. काम वाढलं होतं, कस्टमरला आता तासाभरात उत्तर लागायचं, ते एकट्या सुचिताला झेपेना म्हणून शेठने हिला घेतली. तुझ्या हाताखाली राहील, असं शेठ म्हणाला होता. सुरुवातीला ती राहिलीही. ताई, हे कसं लिहू, ताई, या पार्टीला डिअर सर चालेल का. सुचिताने जुन्या फायली काढून दाखवल्या, कुणाला कसं लिहायचं, कुणाच्या हेड ऑफिसला प्रत धाडायची, सगळं हौसेनं शिकवलं. पोरगी चटकन शिकली, आणि इथंच सगळं बिनसलं.

कारण ती फटाफट लिहायची. शेठ गाडीतून फोनवर सांगायचा, त्याचं वाक्य संपतंय तोवर मेल तयार. तो ऑफिसात पाय टाकतो न टाकतो तोच ही आपली उभी, "सेंट, सर." सर! या ऑफिसात कुंदन घरतला आजवर कुणी सर म्हटलं नव्हतं. आणि तो बाप्या खुशीत यायचा हो. एक दिवस फोन नाचवत सुचिताच्या टेबलाशी आला. "बघ ग, काय लिवलंय पोरीनं. चार वळीत काम. तुजं आपलं सविनय सविनयच चालतं." चेष्टेत म्हणाला तो. सुचिताही हसली. मग ती बाथरूममध्ये गेली, नळ मोठा सोडला आणि आरशात स्वतःकडे बघत उभी राहिली. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, तेवढं एक बरं होतं.

त्या दिवसापासून राजलक्ष्मीचं जे जे म्हणून होतं ते सुचिताच्या डोळ्यांत खुपायला लागलं. तिची रंगवलेली नखं, तिचं फोन खांद्याला लावून टाईप करणं, तिचं 'नो टेन्शन, ताई'. आणि डब्याचं तर विचारूच नका. पुतळावयनी अधूनमधून मांदेली तळून ऑफिसात पाठवायची, खास सुचितासाठी. एका शुक्रवारी ड्रायव्हरने दोन डबे आणून ठेवले. एक सुचिताला आणि दुसरा त्या नव्या पोरीला, बिचारी घाटावरची, तिला कुठं मिळतंय ताजं, असा निरोप. बिचारी! ती बिचारी मांदेलीचा काटा न् काटा नखांनी सोडवत, इवलं इवलं तोंडात टाकत बसली. काट्यासकट चावून खायची ती मांदेली, अशी खातात? सुचिताला तो डबा तिच्यापुढून ओढून घ्यावासा वाटला. मुलगा बारावीला बसलेला, केसांना मेंदी लागते, आणि या बाईने तळलेल्या मासळीवरून जळावं! तिची तिलाच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून जळणं थांबतं थोडंच. तिने आपला डबा चाटूनपुसून साफ केला आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की वयनीच्या हाताला हल्ली चव राहिली नाही.

एकाच गोष्टीच्या जोरावर ती तग धरून होती. शेठच्या शिव्या अजून तिच्याकडे होत्या. रोजची पत्रं, माल आला, माल गेला, कंटेनर अडकला, ती सगळी त्या पोरीकडे गेली तर गेली. पण राग आला की हाक सुचिताचीच व्हायची. राजलक्ष्मीपुढे शेठ जपून बोलायचा, शुद्ध बोलायला बघायचा, 'आहे'बिहे म्हणायचा. ते ऐकून सुचिताला आतून गुदगुल्या व्हायच्या. घे बाई, घे तुझं सर आणि सेंट. माणूस मोकळा होतो तो माझ्यापुढंच.

वर्धन फूड्स ही गोदामातली सगळ्यात मोठी पार्टी. निम्मं गोदाम त्यांच्या तांदळाच्या गोणींनी भरलेलं, आणि हमालांची एक अख्खी टोळी त्या गोणींवरच जगत होती. वाशीच्या ऑफिसात त्यांचे मॅनेजर होते हौसेराव मोहिते. माणूस कामाला चोख, पण लिहिण्यात तिरका. दिवाळीच्या तोंडावर त्यांचं पत्र आलं. तुमच्या गोदामात उंदीर झाल्याची तक्रार आहे, सबब आमचा माणूस येऊन साफसफाई तपासेल आणि तो सांगेल तसं तुम्ही करायचं. एवढ्यावर थांबले असते तर काही नव्हतं. पण शेवटी त्यांनी एक ओळ जोडली होती, की तुमच्या वडिलांच्या वेळी असला गलथानपणा नव्हता.

ती ओळ वाचून सुचिताने आपणहून पेन काढलं. बापाचं नाव कुणी घेतलं की शेठचं काय होतं ते तिच्याइतकं कुणाला माहीत? पत्राची प्रिंट तिने आत नेऊन ठेवली आणि जागेवर येऊन बसली, वही उघडून, कान केबिनकडे लावून. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटत होतं. कितीतरी दिवसांत असं चांगलं खरमरीत पत्र आलं नव्हतं. आत खुर्ची करकरली. टेबलावर मूठ पडली. सुचिता उठलीसुद्धा.

"राजलक्ष्मी!"

सुचिता वही छातीशी धरून होती तिथंच उभी राहिली. आता शांतपणे बघितलं तर त्यात काही नव्हतं. राजलक्ष्मी केबिनच्या दाराशी झेरॉक्स मशीनपाशी उभी होती, दाराच्या काचेतून शेठच्या नजरेला पडली, तिचं नाव तोंडात आलं. पण हे शांतपणे बघणं सुचिताला त्या वेळी कुठलं जमायला. ती खाली बसली. कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून तिने आधी इकडेतिकडे पाहिलं.

केबिनची भिंत प्लायची. सगळं ऐकू येत होतं, आणि सगळं ओळखीचं होतं. आधी बाप, मग मॅनेजर, मग ड्रायव्हर. "त्याला लिही, तुजे तांदूळ उचल आनी चालू पड. गोटीराम घरताचा पोरगा कोनाचा नोकर नाय. म्हयना संपायच्या आत जागा खाली पायजे मला. आताच्या आता पाठव." मधेमधे ज्या पडत होत्या त्या इथं लिहिण्याजोग्या नाहीत. सुचिता एकेक ऐकत होती आणि तिला वाटत होतं, ही माझी होती. हीसुद्धा माझी होती.

शेठ तणतणत जेवायला निघून गेला. राजलक्ष्मी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता, असलं तिने समोर उभं राहून पहिल्यांदाच ऐकलं होतं. पण हुशार पोरगी. ती पाणी प्यायली, बसली आणि शिव्या सगळ्या गाळून तिने स्वच्छ इंग्रजीत पत्र तयार केलं. करार संपला असे समजावे, महिनाअखेर जागा रिकामी करून द्यावी. त्यात रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर समोरच्याला वाटलं असतं, चिडलाय माणूस, होईल शांत. हे वाचून कुणाला तसं वाटणार नव्हतं. मग ती सुचिताकडे वळली.

"ताई, सर फार चिडलेत. लगेच पाठव म्हणालेत. पाठवू ना?"

सुचिता डबा उघडत होती. एक वाक्य पुरलं असतं. ठेव ग, जेवून येऊ दे त्यांना. ते वाक्य तिच्या जिभेवर आलंही. पण ते सांगायचं म्हणजे काय, तर स्वतःजवळ उरलेलं तेवढंही त्या पोरीच्या ओंजळीत घालायचं. फायली दिल्या, पार्ट्या दिल्या, मांदेलीसुद्धा गेली. आता हेही देऊ? आणि त्याच्या तळाशी आणखी एक विचार होता, हलकट, आणि तो हलकट आहे हे तिला कळत होतं. पाठव. पाठवच तू. दुपारी बघू दे शेठला, फटाफट म्हणजे काय असतं ते.

"शेठनी सांगितलंय ना? मग मला काय इचारतेस," ती म्हणाली आणि चपातीचा तुकडा मोडला.

राजलक्ष्मीने मेल पाठवला. वर्धनच्या हेड ऑफिसला प्रतही धाडली, सुचिताने शिकवलं होतं तशी.

शेठ परत आला तो पान चघळत, शांत. राजलक्ष्मी समोरच बसली होती. पत्र तिने लिहिलेलं, सांगितलं तिला. पण शेठ तिच्या टेबलावरून सरळ पुढे आला, सुचिताच्या टेबलाशी थांबला आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "गेलं का ग ते?"

सुचिताने मान वर केली. इतके दिवस जे गेलं गेलं म्हणून ती आतल्या आत जळत होती, ते कुठंच गेलं नव्हतं. माणूस हाक कुणालाही मारो, विचारायला तिच्याकडेच येत होता.

"गेलं, शेठ," ती म्हणाली. "कवाच गेलं."

शेठने तोंडातलं पान चघळायचं थांबवलं. मग त्याने फोन काढून हौसेराव मोहित्यांना लावला, हसून बोलायला बघितलं, अरे बाबा रागात माणूस काय बोलतो. पलीकडून मोहिते काय म्हणाले ते शेठच्या चेहऱ्यावरूनच कळलं. हेड ऑफिसला प्रत गेलेली, तिथं लेखी नोंद झालेली, आता ते त्यांच्या हातात नव्हतं. राजलक्ष्मी उठून उभी राहिली होती, तिचे डोळे भरले होते. सर, माझं चुकलं, मी थांबायला हवं होतं, असं ती म्हणत राहिली. मी ताईंना विचारलं होतं, हे मात्र तिने सांगितलं नाही. एकदाही नाही. आणि बघा, सुचिताला तेसुद्धा सहन झालं नाही. आली मोठी चांगली, असंच तिच्या मनात आलं.

"तुला काय ठाव, पोरी. तू काल आलीस," शेठ म्हणाला. मग सुचिताकडे वळला. "पन तू हुतीस ना हितं?"

"हुते."

"मग?"

"तुमीच सांगितलंत ना, आताच्या आता पाठव."

आता हा फुटणार, असं वाटून सुचिताने खुर्चीची कड धरली. फुटला असता तर तिने ते सगळं ऐकून घेतलं असतं, वर दोन शिव्या आणखी घेतल्या असत्या. पण शेठ फुटला नाही. "बरोबर हाय," तो म्हणाला. "मीच सांगितलं." आणि केबिनमध्ये जाऊन त्याने दार लावून घेतलं.

वर्धनचे ट्रक आले आणि गोणी घेऊन गेले. शेठ स्वतः वाशीला जाऊन आला. तिथं त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. हमालांच्या टोळीला त्याने खाडीपलीकडच्या एका ओळखीच्या गोदामात कामाला लावून दिलं, निम्म्या जणांना लागलं, निम्म्यांना नाही. रिकाम्या गोदामात कबुतरं शिरली. पुढे एक टाइल्सवाला आला, थोडी जागा त्याने घेतली.

सुचिताला कुणी काही म्हणालं नाही. उलट शेठ तिच्याशी फार चांगलं वागायला लागला. सुचेचं एकदम सुचिताताई झालं. 'तू'चं 'तुम्ही'. आत बोलावलं तरी आधी बसा म्हणायचा, मग एकेक शब्द मोजून, शुद्ध करून सांगायचा, आणि शेवटी विचारायचा, असं लिहिलं तर चालेल ना, ताई? बँकेतल्या साहेबाशी बोलतो तसा. ती लिहून घ्यायची, टाईप करायची, लगेच पाठवायची. त्यातलं काही गाळावं लागत नव्हतं. राजलक्ष्मीला वाटायचं, ताईंचा केवढा मान आहे. तसं ती एकदा म्हणालीही, आणि सुचिताला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

माघ उजाडला तरी हे असंच चाललं होतं. आणि मग एके दिवशी एका शिपिंग एजंटचं पत्र आलं. काय पत्र होतं! उर्मट, वर चुकीचं, वर उपदेश केलेला. तुमच्यासारख्या गावाकडच्या लोकांना धंद्याच्या पद्धती ठाऊक नसतात हे आम्ही समजू शकतो, असं स्वच्छ लिहिलेलं. सुचिताने ते दोनदा वाचलं आणि तिला चक्क आनंद झाला. एवढ्यावर तर मेलेला माणूस उठून शिव्या देईल. तिने प्रिंट काढली. ती ओळ शेठच्या नजरेतून सुटू नये म्हणून तिच्याखाली लाल पेनने रेघ मारली. जरा विचार करून आणखी एक मारली. वही घेतली, पदर नीट केला आणि हाक यायची वाट न बघता आत गेली.

शेठने वाचायला घेतलं. सुचिता बसली नाही, उभीच राहिली, पेन उघडून. शेठ त्या ओळीपाशी आला. कानशिलं लाल झाली. जबडा हलला. मूठ वळून टेबलाच्या वर आली आणि सुचिता मनात म्हणाली, आपट. आपट रे बाबा, एकदा.

मूठ हळूच खाली आली. शेठने कागदाची घडी घातली आणि तिच्यापुढे सरकवली.

"तुम्हीच बघा, सुचिताताई," तो म्हणाला. "योग्य वाटेल तसं उत्तर द्या."

"शेठ," ती म्हणाली, "तुमी बोला ना. मी लिवून घेते."

"नको, नको. तुम्हाला जमतं सगळं."

ती बाहेर आली. दार आपोआप मिटणारं होतं, ते तिच्या मागे मिटलं. ती टेबलापर्यंतही पोचली नव्हती, तोच आत धाडकन मूठ पडली आणि केबिनमधून हाक आली, "राजे!"

राजलक्ष्मी वही घेऊन लगबगीने आत गेली. सुचिता जागेवर बसली. एजंटचा बाप सुरू झाला, मग त्याचा मॅनेजर, मग ड्रायव्हर. ती एकेक शिवी कान देऊन ऐकत राहिली. त्यातल्या एक-दोन तर अगदी नव्या होत्या.